डरहॅमने सुचवले, मिळवले मात्र दुसऱ्यांनी: कॅनडातल्या जबाबदार राज्यपद्धतीची खरी हकीकत

एका विद्यार्थ्याने विचारले आहे: "लॉर्ड डरहॅमच्या १८३९ च्या अहवालामुळे कॅनडाला जबाबदार राज्यपद्धती मिळाली, असे सगळ्या नोट्समध्ये आहे. पण ती प्रत्यक्षात आली १८४८ साली, आणि त्यासाठी वेगळा कायदा झालेलाही दिसत नाही. मधली नऊ वर्षे काय चालले होते? तिथल्या पुढाऱ्यांनी नेमके केले काय? आणि आपल्याकडच्या १९३७ च्या मंत्रिमंडळांशी याचा काही संबंध लागतो का?"

प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. मी विधिमंडळाच्या कामकाज शाखेत अठ्ठावीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर कायद्याच्या विद्यार्थ्यांना घटनेचा इतिहास शिकवतो. नोट्समधले ते वाक्य परीक्षेत खपून जाते, पण त्याने विषय कळत नाही. डरहॅमने शिफारस केली. सत्ता हातात आली ती मात्र तिथल्या काही पुढाऱ्यांनी पद घेताना अटी घातल्या आणि अटी मोडल्यावर पद सोडले म्हणून.

आधी शब्द नीट लावून घेऊ. 'जबाबदार' म्हणजे कर्तव्यदक्ष असा अर्थ इथे नाही. कारभार करणारे मंडळ कोणाला जाब देते, गव्हर्नरला की निवडून आलेल्या सभागृहाला, एवढाच मुद्दा आहे. १७९१ च्या कायद्याने अप्पर कॅनडा (आजच्या ऑन्टारिओचा दक्षिण भाग) आणि लोअर कॅनडा (आजचे क्वेबेक, बहुसंख्य फ्रेंच भाषक) असे दोन प्रांत झाले होते. दोन्हीकडे लोकनियुक्त असेंब्ली होती. पण वरचे सभागृह नेमलेले आणि गव्हर्नरचे कार्यकारी मंडळही नेमलेले. असेंब्लीने कितीही ठराव केले तरी त्या मंडळातला एक माणूस हलत नसे. जमिनी, नोकऱ्या, न्यायाधीशांची पदे, सगळे त्याच गोतावळ्यात फिरायचे. टोरांटोकडे त्या गोतावळ्याला लोक 'फॅमिली कॉम्पॅक्ट' म्हणत, क्वेबेककडे 'शातो क्लिक'.

यावर तोडगा सुचवला तो टोरांटोच्या एका डॉक्टर-वकील बापाने आणि त्याच्या वकील मुलाने: विल्यम वॉरन बॉल्डविन आणि रॉबर्ट बॉल्डविन. तोडगा साधा होता. इंग्लंडात राजा मंत्री नेमतो, पण कॉमन्सचा (निवडून आलेल्या सभागृहाचा) विश्वास असलेलेच नेमतो. तीच रीत इथे लावा. नवा कायदा नको, बंड नको, अमेरिकेसारखे गणराज्यही नको. फक्त गव्हर्नरने सल्लागार बहुमतातून घ्यावेत आणि स्थानिक कामात त्यांचा सल्ला मानावा.

रॉबर्टची परीक्षा १८३६ साली झाली. नवे गव्हर्नर सर फ्रान्सिस बाँड हेड यांनी त्याला कार्यकारी मंडळावर घेतले. हेड महत्त्वाच्या बाबी मंडळापुढे आणतच नव्हते. अवघ्या तीन आठवड्यांत मंडळाने लेखी तक्रार केली आणि सगळेच्या सगळे बाहेर पडले. पुढे बॉल्डविन लंडनला गेला. वसाहत खात्याचे मंत्री ग्लेनेल्ग यांनी भेट दिली नाही, तेव्हा त्याने जुलै १८३६ मध्ये आपले म्हणणे पत्राने कळवले. दोन वर्षांनी लंडनने गव्हर्नर जनरल म्हणून पाठवलेले डरहॅम कॅनडात आले, तेव्हा त्याच पत्राची प्रत बॉल्डविनने त्यांना पाठवली. म्हणजे अहवालातली जी शिफारस आपण डरहॅमच्या नावावर लावतो, ती टोरांटोच्या वकिलाच्या टेबलावर आधीच तयार होती.

१८३७-३८ चे उठाव सगळ्यांना ठाऊक असतात: लोअर कॅनडात पापिनोच्या, अप्पर कॅनडात मॅकेंझीच्या पुढारपणाखाली झालेले. दोन्ही फसले. लोअर कॅनडात बारा जण फासावर गेले, ५८ जणांना ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले. उठावांमुळे लंडनचे लक्ष वेधले गेले हे खरेच. तरी उठावाने जबाबदार राज्यपद्धती आणली असे मला वाटत नाही. उठावानंतर लोअर कॅनडाची असेंब्लीच बंद पडली, आणि सुधारणा मागणाऱ्या प्रत्येकाकडे राजद्रोही म्हणून पाहिले जाऊ लागले.

डरहॅम मे १८३८ मध्ये क्वेबेकला उतरले आणि १ नोव्हेंबरला परतले. त्यांच्या अहवालात दोन शिफारशी होत्या आणि त्या एकत्रच वाचायला हव्यात. पहिली: स्थानिक कारभारात गव्हर्नरने असेंब्लीचा विश्वास असलेल्यांच्या सल्ल्याने चालावे, राज्यघटनेचे स्वरूप, परराष्ट्र संबंध व व्यापार आणि सरकारी जमिनी मात्र लंडनकडे राहाव्यात. दुसरी: दोन्ही प्रांत एक करावेत, म्हणजे फ्रेंच लोक इंग्रजांत विरून जातील. फ्रेंच कॅनेडियनांना इतिहास नाही आणि साहित्य नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले. लंडनने दुसरी शिफारस लगेच उचलली. पहिली बाजूला ठेवली. ऑक्टोबर १८३९ मध्ये वसाहत मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी गव्हर्नरला स्पष्ट कळवले की राणीचे आदेश एक आणि स्थानिक सल्लागारांचा सल्ला दुसरा असे झाले तर गव्हर्नर दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही, म्हणून हे तत्त्व वसाहतीत लागू होणार नाही.

युक्तिवाद म्हणून यात जोर होता, हे मान्य करायला हवे. रसेलला सर्वांत चांगले उत्तर दिले नोव्हा स्कोशियाच्या (पूर्व किनाऱ्यावरची वेगळी ब्रिटिश वसाहत) जोसेफ हाव याने. हा हॅलिफॅक्सचा पत्रकार. १८३५ साली अब्रुनुकसानीच्या खटल्यात त्याने स्वतःच सहा तासांवर बचावाचे भाषण केले आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. १८३९ साली त्याने रसेलना चार जाहीर पत्रे लिहिली. ब्रिटनमधल्या गावाला आपल्या कामात जेवढे स्वातंत्र्य आहे, तेवढेच आम्ही मागतो; आमच्या पुलांच्या आणि पोस्टमास्तरांच्या नेमणुकांनी साम्राज्याला धक्का कसा बसेल? त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते.

आता मधली नऊ वर्षे. १८४० च्या कायद्याने प्रांत एक झाले आणि फेब्रुवारी १८४१ पासून कारभार सुरू झाला. लोअर कॅनडाची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख, अप्परची साडेचार लाखांच्या आसपास; तरी दोघांना प्रत्येकी ४२ जागा. सभागृहाची दप्तरी भाषा फक्त इंग्रजी. अप्पर कॅनडाचे कर्जही सामाईक. फ्रेंच लोकांना ही जोडणी म्हणजे शिक्षा वाटली, आणि शिक्षा म्हणूनच ती आखलेली होती.

इथे लुई-इपोलीत लाफाँतेनने जे केले, ते मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठे वाटते. हा माँट्रियलचा वकील, पापिनोच्या पक्षातला, पण उठावाच्या विरोधात. तरी १८३८ मध्ये त्याला विनाचौकशी काही आठवडे तुरुंगात ठेवले होते. सूडाने बहिष्कार घालणे त्याला सोपे होते, आणि त्याच्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. १८३९ च्या एप्रिलमध्ये टोरांटोचा पत्रकार फ्रान्सिस हिंक्स याने त्याला पत्र लिहिले: तुम्ही आणि आम्ही एकत्र आलो तर नव्या असेंब्लीत बहुमत आपले. लाफाँतेनने हिशेब केला. ज्या एकत्रीकरणाने आपल्याला गिळायचे ठरवले आहे, त्याच सभागृहात इंग्रज सुधारकांशी हात मिळवला तर कारभार आपल्या हाती येतो. आणि कारभार हाती आला की भाषा, कायदा, संस्था सगळे राखता येते. ऑगस्ट १८४० मध्ये त्याने आपल्या तेरबोन मतदारसंघातल्या मतदारांना उद्देशून हेच जाहीरपणे मांडले.

१८४१ ची निवडणूक झाली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम होते. स्वतःच प्रचार, स्वतःच मंत्र्यांचे मुख्य. तेरबोनमध्ये मतदानाच्या जागी दंडुकेवाले उभे राहिले आणि रक्तपात टाळण्यासाठी लाफाँतेनने माघार घेतली. बॉल्डविन दोन जागांवर निवडून आला होता. त्याने टोरांटोजवळची यॉर्कची जागा सोडली आणि तिथल्या इंग्रज, बहुतांशी प्रोटेस्टंट शेतकऱ्यांना सांगितले की या फ्रेंच कॅथलिक माणसाला निवडून द्या. त्यांनी दिले. पुढे बॉल्डविन आपल्याच भागात हरला, तेव्हा जानेवारी १८४३ मध्ये फ्रेंच रिमुस्कीने त्याला निवडून पाठवले. आजही कुठल्या दोन पक्षांच्या युतीबद्दल वाचले की मला यॉर्क आणि रिमुस्की आठवतात. आघाडीची कसोटी आपल्या मतदाराला दुसऱ्याच्या माणसाला मत द्यायला लावण्यात असते, आणि हे दोघे तिला उतरले.

सिडनहॅम सप्टेंबर १८४१ मध्ये घोड्यावरून पडून वारले. त्यांच्यामागून आलेले सर चार्ल्स बॅगट जुने मुत्सद्दी. त्यांनी सभागृहातला आकडा पाहिला आणि लंडनच्या मनाविरुद्ध सप्टेंबर १८४२ मध्ये लाफाँतेन आणि बॉल्डविनला बरोबर घेतले. त्याच महिन्यात लाफाँतेनने असेंब्लीतले पहिले भाषण फ्रेंचमध्ये केले. इंग्रजीत बोला असे एकाने सुचवले तेव्हा त्याने नकार दिला: इंग्रजी येत असली तरी पहिले भाषण मी माझ्या लोकांच्या भाषेतच करीन.

यानंतरचा गव्हर्नर आपल्या ओळखीचा आहे: सर चार्ल्स मेटकाफ. तरुणपणी दौलतराव शिंद्यांच्या दरबारातल्या रेसिडेन्सीत उमेदवारी केलेले, दिल्ली व हैदराबादचे रेसिडेंट, आणि १८३५ मध्ये हंगामी गव्हर्नर जनरल असताना हिंदुस्थानातल्या वृत्तपत्रांवरची बंधने उठवणारे. माणूस उदार आणि स्वच्छ. पण राज्य चालवण्याची त्यांची सगळी सवय हिंदुस्थानातली, जिथे गव्हर्नरच्या वर फक्त लंडन. मंत्र्यांचे ऐकून घ्यायला ते तयार होते. त्यांच्याशी बांधले जायला नाही.

ठिणगी पडली ती एका जिल्ह्यातल्या 'क्लार्क ऑफ द पीस' या पदावरून. मेटकाफनी मंत्र्यांना न विचारता नेमणूक केली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा पदासाठी सरकार सोडायचे? मी कामकाज शाखेत असताना मोठ्या धोरणाच्या फाइली शांतपणे पुढे सरकताना पाहिल्या आहेत आणि एका बदलीच्या फाइलीवर मंत्री अडून बसलेलेही पाहिले आहेत. त्यात नेहमीच क्षुद्रपणा असतो असे नाही. नेमणूक कोण करतो यावरून गावातल्या माणसाला कळते की सरकार कोणाचे आहे. बॉल्डविन आणि लाफाँतेन यांनी हेच ओळखले होते. नोव्हेंबर १८४३ च्या अखेरीस डॉमिनिक डेली हा एक वगळता सगळे मंत्री राजीनामे देऊन मोकळे झाले. पुढच्याच महिन्यात नोव्हा स्कोशियात हाव आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनीही अशाच एका नेमणुकीवरून राजीनामे दिले.

मेटकाफनी मोजक्या माणसांवर जवळपास वर्षभर कारभार रेटला. १८४४ च्या निवडणुकीत ते स्वतः प्रचाराच्या अग्रभागी होते. राणीशी निष्ठा की मंत्र्यांची मनमानी, असा सवाल त्यांनी उभा केला. अप्पर कॅनडात तो चालला. एकूण निसटते बहुमत त्यांच्या बाजूचे आले. लोअर कॅनडा मात्र लाफाँतेनच्या पाठीशी राहिला. म्हणजे बॉल्डविन-लाफाँतेन यांनी तत्त्वासाठी सत्ता सोडली आणि चार वर्षांहून अधिक काळ विरोधी बाकांवर बसले. या काळात फ्रेंच गटाला फोडून मंत्रिपदे देण्याचे प्रयत्न झाले. आघाडी टिकली. पक्षशिस्त ही चीज कॅनडात या वर्षांत मुरली, आणि पक्षशिस्तीशिवाय जबाबदार राज्यपद्धती चालत नाही. सभागृहातले बहुमत रोज सकाळी बदलत असेल तर गव्हर्नरला ते कुठे शोधायचे?

एक बारकावा नोट्समध्ये कधी दिसत नाही म्हणून सांगतो. १८४० च्या कायद्यात अशी तरतूद होती की खर्चाचा प्रस्ताव गव्हर्नरच्या शिफारशीशिवाय असेंब्लीत येणार नाही. आधी कुठलाही सभासद आपल्या भागातल्या रस्त्यासाठी पैसे मागू शकत असे. तरतूद गव्हर्नरची पकड राहावी म्हणून होती. पण मंत्रिमंडळ बहुमताचे झाल्यावर तीच पकड मंत्रिमंडळाकडे गेली. आपल्या घटनेतले कलम २०७ (राज्यपालांच्या शिफारशीशिवाय अर्थविषयक विधेयक मांडता येत नाही) वाचताना हा वंश लक्षात ठेवा.

मग १८४८ मध्ये लंडन का नमले? इथे नुसत्या पुढाऱ्यांना श्रेय देऊन चालणार नाही. १८४६ मध्ये ब्रिटनने धान्य कायदे (परदेशी धान्यावर जकात लावणारे) रद्द केले आणि वसाहतींच्या मालाला असलेली सवलत संपू लागली. व्यापारासाठी वसाहत मुठीत ठेवण्याचे कारणच विरळ झाले. नवे वसाहत मंत्री अर्ल ग्रे यांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या गव्हर्नरला लिहिले की रहिवाशांच्या मताविरुद्ध तिथला कारभार चालवणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. १८४७ च्या निवडणुकीत तिथे सुधारक जिंकले, सभागृहाने जुन्या मंत्रिमंडळावर अविश्वास दाखवला आणि फेब्रुवारी १८४८ मध्ये जेम्स बॉइल युनियॅक यांचे मंत्रिमंडळ आले. ब्रिटिश वसाहतींतले हे पहिले जबाबदार सरकार. हावला त्याचा रास्त अभिमान होता की नोव्हा स्कोशियात यासाठी एक काचही फुटली नाही. मार्चमध्ये कॅनडात गव्हर्नर लॉर्ड एल्गिन यांनी लाफाँतेनला सरकार बनवायला बोलावले. दार लंडनने उघडले हे खरे. पण आत पाऊल टाकायला तयार पक्ष, तयार नेते आणि पक्के ठरलेले तत्त्व नसते, तर एल्गिनने कोणाला बोलावले असते?

नव्याने आलेली रीत खरी ठरली ती पुढच्या वर्षी. लोअर कॅनडातल्या उठावात ज्यांचे नुकसान झाले त्यांना भरपाई देण्याचे विधेयक सरकारने आणले. राजद्रोहाबद्दल शिक्षा झालेले वगळले होते, तरी टोरी (पुराणमतवादी) पक्षाने गहजब केला की हे बंडखोरांना बक्षीस आहे. अप्पर कॅनडाला अशीच भरपाई आधीच मिळालेली होती. विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर झाले. एल्गिनना स्वतःला ते फारसे पसंत नव्हते. संमती नाकारणे, असेंब्ली विसर्जित करणे किंवा लंडनकडे पाठवणे, असे तिन्ही रस्ते त्यांना मोकळे होते. २५ एप्रिल १८४९ रोजी त्यांनी संमती दिली. माँट्रियलच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीवर अंडी आणि दगड पडले, आणि त्याच रात्री जमावाने संसद भवन पेटवले. वीस हजारांवर ग्रंथांचे ग्रंथालय जळाले. लाफाँतेनच्या घरावर हल्ला झाला. एल्गिननी लष्कराला गोळीबाराचा हुकूम दिला नाही, आणि संमतीही मागे घेतली नाही. महिनोन्महिने ते शहरात जायचे टाळत होते. दुसरीकडे माँट्रियलच्या व्यापाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विलीन व्हावे असा जाहीरनामा काढला. 'निष्ठावान' म्हणवणाऱ्यांचीच ही सही होती.

म्हणून तुमच्या 'कायदा कुठे आहे' या शंकेचे उत्तर: कायदा नाहीच. १८६७ च्या कॅनडाच्या घटना-कायद्यातही पंतप्रधान हा शब्द सापडत नाही. आपण कलम १६४(२) मध्ये मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल असे लिहून ठेवले. तिथे ते १८४३ च्या राजीनाम्यांनी आणि १८४९ च्या संमतीने लिहिले गेले.

हा गौरव सांगताना दुसरी बाजू झाकू नये. याच सरकारच्या काळात, १८४९ च्या कायद्याने स्त्रियांना मतदानाचा हक्क नाही असे स्पष्ट लिहिले गेले. लोअर कॅनडात त्यापूर्वी मालमत्ताधारक स्त्रियांनी मते दिल्याची उदाहरणे आहेत. आदिवासी राष्ट्रांच्या जमिनींचा निर्णय ज्या सभागृहाकडे सरकत गेला, तिथे त्यांचा आवाज नव्हता. न्यूझीलंड (१८५६) आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींची गोष्ट याहून वेगळी नाही. वसाहतीतल्या गोऱ्यांना स्वराज्य, इतरांवर त्यांचे राज्य, असा तो साचा होता.

बॉल्डविनचा शेवट मात्र त्याला साजेसा झाला. जून १८५१ मध्ये त्याने पुनर्रचना केलेले चॅन्सरी न्यायालय रद्द करा असा प्रस्ताव आला. प्रस्ताव फेटाळला गेला, पण अप्पर कॅनडाच्या बहुसंख्य सभासदांनी त्याच्या विरोधात मत दिले होते. सरकार शाबूत होते. बॉल्डविनने राजीनामा दिला: ज्या भागाचा मी प्रतिनिधी, त्याचा विश्वास माझ्यावर नाही. काही महिन्यांत लाफाँतेनही निवृत्त झाला.

आता आपल्याकडे. एल्गिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले आणि १८६३ मध्ये धरमशाला इथे वारले. संसद जळाली त्यानंतर तीन आठवड्यांनी माँट्रियलला जन्मलेला त्यांचा मुलगा १८९४ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आला. टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, ती त्याच्याच कारकिर्दीत. बापाने एका वसाहतीत जे मान्य केले, त्याचा विचारही मुलाच्या राजवटीत या देशासाठी नव्हता. म्हणून १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नौरोजींनी स्वराज्याची व्याख्या 'ब्रिटन किंवा वसाहतींसारखे' अशी केली, तेव्हा त्या 'वसाहतीं'त बॉल्डविन आणि लाफाँतेनचे काम धरलेले होते. कोल्हापूरसारख्या संस्थानांतल्या प्रजा परिषदांच्या तोंडी 'जबाबदार राज्यपद्धती' हे शब्द आले तेही याच परंपरेतून.

१९३७ चा पेच तर मेटकाफच्या पेचाचे सख्खे भावंड शोभावा. १९३५ च्या कायद्याने गव्हर्नरकडे खास जबाबदाऱ्या ठेवल्या होत्या, त्यांत सरकारी नोकरांच्या हक्कांचे रक्षणही होते. काँग्रेसने निवडणूक जिंकली, पण रोजच्या कारभारात या अधिकारांचा वापर होणार नाही असे आश्वासन मिळाल्याशिवाय पद घ्यायला नकार दिला. मुंबईत १ एप्रिलपासून सर धनजीशा कूपर यांचे बहुमत नसलेले मंत्रिमंडळ चालले. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी खुलासा केला, जुलैमध्ये वर्ध्याला काँग्रेसने पदे घेण्याचे ठरवले आणि १९ जुलैला बाळ गंगाधर खेर मुंबईचे पंतप्रधान (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा असेच म्हणत) झाले. पद घेण्याआधी अट घालायची, ही बॉल्डविनचीच रीत.

फरक एवढाच की बॉल्डविनच्या वाटेत १८४८ पर्यंत युद्ध-शांततेचा प्रश्न आडवा आला नाही. इथे सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयनी प्रांतांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबरमध्ये राजीनामा दिला. गव्हर्नरने १९३५ च्या कायद्यातल्या कलम ९३ खाली कारभार हाती घेतला, आणि १९४६ मध्ये खेर परत येईपर्यंत मुंबई इलाख्यात असेंब्लीला जबाबदार असे मंत्रिमंडळ नव्हते.